दिवाळी ते होळी : नव्या कार्यवाहाला बाईंचे चार शब्द

आकाशकंदील उतरला की दुसऱ्या दिवशी सभेची नोटीस लाव. देवदिवाळी होऊ दे, मग बघू, असं म्हणू नकोस. ज्येष्ठ नागरिक संघाचं खरं वर्ष दिवाळी ते होळी एवढंच. पावसाळ्यात कुर्ल्यातला म्हातारा माणूस घराबाहेर पडत नाही. मिठी नदीचं पाणी चढलं, रूळ बुडाले अशी नुसती बातमी आली तरी घरचे त्याला जिना उतरू देत नाहीत. एप्रिल-मेमध्ये निम्मी मंडळी गावी, उरलेली पंख्याखाली. राहिले हे चार महिने. या काळात माणसं एकमेकांच्या ओळखीची झाली, तर पुढचे आठ महिने फोनवर तरी धरून राहतात. तू बेस्टमध्ये कंडक्टर होतास, तेव्हा सुट्टे पैसे आणि चिडलेली माणसं दोन्ही सांभाळायची सवय आहे तुला. साठी उलटली असली तरी मला तू चौथी ‘ब’मधलाच, म्हणून हे सगळं ‘तू’ करूनच सांगते.

आधी वेळेचं बोलू. आपल्याकडे पहाटे पाचला उठून फिरायला जाणारे आठ-दहा वीर आहेत. उन्हाळ्यात खुशाल जावं. थंडीत मात्र त्यांना थांबव. मुंबईची थंडी ती काय, असं ते म्हणतील. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तसं आता कुठे होतं, असंही ऐकवतील. प्रश्न पाऱ्याचा नाहीच, हवेचा आहे. थंडीत वारा पडतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, अशी उलटी रचना झाली की बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर, शेकोट्यांचा धूर सगळं खालीच कोंडून राहतं. पहाटे ते सर्वांत दाट असतं. शिवाय गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. जानेवारीत सूर्यच उगवतो सव्वासातला. तेव्हा सकाळचं फिरणं आठनंतर ठेव. संध्याकाळच्या बैठका चारला सुरू कर आणि साडेपाचला आटोप, कारण डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच सूर्य मावळतो. अंधारात आपल्या गल्लीतले फेरीवाले, उभ्या केलेल्या स्कूटरी आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक यांतून मोतीबिंदूवाल्या माणसाने घरी जाणं म्हणजे नसती आफत.

आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून हे लोक पाणीच पीत नाहीत. बैठकीत चहाआधी कोमट पाणी फिरव. त्यावर भाषण देऊ नकोस, नुसते पेले पुढे कर.

कुठलाही कार्यक्रम ठरवताना माझा एक हिशेब असायचा : संघात ज्याचे गुडघे सर्वांत वाईट, त्याला जमेल का? त्याला जमलं तर सगळ्यांना जमतं. पहिल्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळत असेल आणि तळमजल्यावरच्या खोलीला भाडं पडत असेल, तर भाडं भर. सहलीला कुर्ला स्टेशनचा पूल चढावा लागणार असेल, तर पूर्वेच्या लोकांना पूर्वेकडूनच गाडीत बसवता येतं का ते पाहा. ठणठणीत माणसं कुरकुर करतील की हे फारच मिळमिळीत आहे. करू देत. ती ठणठणीत आहेत, आपली आपण कुठेही जातील.

हास्यक्लबचा आग्रह धरणारे भेटतील. चांगली गोष्ट आहे, आणि ती आपल्याच उपनगरातली आहे. डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन ती सुरू केली आणि मग जगभर गेली. पण हर्निया असलेल्यांना, काचबिंदू असलेल्यांना, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना आणि छातीत दुखणाऱ्यांना त्यात उभं करू नकोस. त्यांना खुर्चीवर बसवून टाळ्यांची लय धरायला दे. आणि कोणाच्या बेडरूमच्या खिडकीखाली सकाळी सकाळी गडगडाटी हसू नका. रात्रपाळी करून आलेला माणूस वरून काय टाकेल सांगता येत नाही.

आता बायकांचं ऐक. माझ्या आधीच्या सगळ्या कार्यवाहांना हे समजावता समजावता माझा जीव गेला. पुरुष नोकरीतून निवृत्त होतो. बाई कसली निवृत्त होते? नोकरी सुटली की नातवंडं सुरू. सकाळी डबे, दहाला धाकट्याची शाळा, बाराला दुसऱ्याची बस, मग जेवणं. तू सकाळी साडेदहाची बैठक लावलीस की पाच पुरुष येतात, आणि ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ असं इतिवृत्तात लिहून मोकळे होतात. बायकांची खरी वेळ दुपारी अडीच ते चार. त्या वेळेत तू हॉल उघडा ठेव आणि तिथे काही ‘कार्यक्रम’ करू नकोस. चटया, एक पेटी, एक पत्त्यांचा जोड, बस्स. मेंढीकोट खेळताना आपल्या बायका किती चलाख असतात ते तुला कळेल. त्यांनी तिथे भजनच म्हटलं पाहिजे ही पुरुषांची समजूत आहे.

दुसरं म्हणजे कॅलेंडर घेऊन बस आणि आधी कुठल्या दिवशी काय ठेवायचं नाही ते ठरव. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांचा महालक्ष्मीचा उपास असतो, घरी संध्याकाळची पूजा असते. त्या दिवशी खाण्यापिण्याचं काही लावलंस तर अर्धा हॉल रिकामा. ६ डिसेंबरला आपल्यातले बरेच जण चैत्यभूमीला जातात, काही जण पाणी-जेवण वाटायच्या सेवेला आदल्या दिवसापासून असतात. त्या दोन दिवसांत सभा नको. नाताळच्या आठवड्यात ख्रिस्ती मंडळी मोकळी नसतात. आणि रमजान! तो दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तेव्हा येती काही वर्षं तो थंडीतच आहे. २०२६ ला फेब्रुवारीच्या मध्यावर आला, २०३० पर्यंत जानेवारीत पोचेल. आपल्या संघात मुसलमान सभासद नावापुरते आहेत. ते का येत नाहीत याची चर्चा करण्याआधी आपण स्नेहभोजनं कोणत्या तारखांना लावत होतो ते बघ. आणि रमजानात एखाद्या संध्याकाळी त्यांनी बोलावलं तर जा. खजूर आणि फळं तुझ्या शुगरला चालतील तेवढीच घे, पण जा.

नोव्हेंबरचा सर्वांत उपयोगाचा कार्यक्रम कुठला म्हणशील, तर हयातीचा दाखला. ऐकायला रुक्ष वाटतं, पण वर्षभर न फिरकणारी माणसं त्या दिवशी येतात. सरकारी पेन्शनवाल्यांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो. कारखान्यातून आणि गिरणीतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५ ची पेन्शन असते. त्यांचा दाखला दिला त्या तारखेपासून वर्षभर चालतो, म्हणजे प्रत्येकाची तारीख वेगळी. एका वहीत या तारखा लिहून ठेव. ज्यांची पेन्शन हजार-दीड हजार आहे, त्यांना ती एक महिना अडकली तर फरक पडतो. बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

पूर्वी बोटाचा ठसा लागायचा. ज्यांनी तीस वर्षं साच्यावर किंवा लेथवर हात चालवले त्यांच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नसतात. यंत्र परत परत नाही म्हणायचं आणि माणूस कानकोंडा व्हायचा. आता फोनवर चेहरा दाखवून होतं. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप लागतात. कॉलेजातली दोन पोरं बोलव, आपापले फोन घेऊन. खुर्ची खिडकीसमोर ठेव, म्हणजे उजेड तोंडावर पडेल, पाठीवर नाही. चष्मा काढायला सांग, कानटोपी काढायला सांग. मागची भिंत साधी हवी, गणपतीचं कॅलेंडर नको. मग पापण्या मिटून उघडायच्या. इथेच गंमत होते, कारण फोनकडे बघताना म्हातारी माणसं डोळे फाडून बघतात आणि पापणी लवतच नाही. बाजूला बसून ‘मिटा, उघडा’ म्हणत राहायचं. आधार कार्ड, पीपीओ नंबर, बँकेचं पासबुक आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो तो फोन, एवढं आणायला आदल्या दिवशी आठवण कर. फोन मुलाकडे असतो आणि मुलगा ऑफिसात, हे दर वर्षीचं. आणि त्याच बैठकीत बजावून सांग की ओटीपी इथे आपल्या माणसांसमोर सांगितला, तो फोनवर पोलीस म्हणवणाऱ्या कुणाला सांगायचा नाही. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नसते. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी जाऊन दाखला काढा. दोघांनी जा. एकाने फोन धरायचा, दुसऱ्याने गप्पा मारायच्या.

कॅरमबद्दल एवढंच : दोन बोर्ड ठेव, कारण एका बोर्डावर तेच चौघे वर्षानुवर्षं बसतात आणि नवा माणूस खुर्ची धरून बघत बसतो. दुसऱ्या बोर्डावर हरलेल्याने उठायचं हा नियम. रमीला पैसे नकोत, एक रुपयासुद्धा.

सहल. इथे तुझी परीक्षा आहे. प्रत्येक संघात एक गट महाबळेश्वर म्हणतो, एक गट अष्टविनायक म्हणतो आणि घाटावरची मंडळी हुरडा म्हणतात. हुरडा नगर-सोलापूरकडे खावा हे खरं, पण जाऊन-येऊन दिवसभर बसमध्ये बसून कंबर मोडायची आणि तासभर हुरडा खायचा, हे मला पटत नाही. कुणाच्या गावाहून हुरडा आला तर कढईत परतून लसणाच्या चटणीशी इथेच खावा. तुला सुचवते ती पोपटी. पेण, अलिबाग, रोहा हा पट्टा आपल्याला जवळ, आणि वालाच्या शेंगा भरतात त्या जानेवारी-फेब्रुवारीत.

कुणा सभासदाचं तिकडे घर किंवा वाडी असतेच. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालतात, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधूनमधून बटाटे, रताळी, कांदे. खाणाऱ्यांसाठी अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही, सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर शिजतं. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. चर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडालं की झाली पोपटी. भांबुर्डीचा तो उग्र वास शेंगांना लागतो, त्यासाठीच सगळा खटाटोप. तिकडे रिवाज रात्रीचा आहे. तू दुपारची लाव आणि उजेडात परतायला निघ. शाकाहारी मडकं वेगळं लाव आणि त्यावर खडूने खूण कर. धूर ज्याला सोसत नाही त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसव.

जायला खासगी बस करण्याआधी नेहरूनगरच्या एसटी आगारात चौकशी कर. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट, आणि बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं. मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात हवं. कंडक्टरशी हुज्जत नको हे तुला मी काय सांगणार! आपल्यात पूर्ण तिकीट काढावं लागेल असा बहुधा तू एकटाच निघशील.

मात्र एसटी घे की खासगी, वाटेवर स्वच्छतागृह कुठे आहे याची यादी आधी तयार असली पाहिजे. सहल बिघडते ती जेवणामुळे नाही, यामुळे बिघडते. बायका तर आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतात, मग चक्कर, मग उलट्या. दर सव्वा तासाला थांबा, कुणी मागो न मागो. मागायला लावू नकोस. प्रत्येकाच्या वरच्या खिशात किंवा पर्समध्ये एक चिठ्ठी : नाव, रक्तगट, चालू गोळ्या, घरचा नंबर. जेवण दीडच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, इन्सुलिनवाले असतात.

लांब जाणं नकोच असेल तर फ्लेमिंगो. हार्बर लाइनने कुर्ल्याहून शिवडी थेट, पण स्टेशनवरून जेट्टीपर्यंत रिक्षा मिळणार नाही, शीवच्या पुढे टॅक्सीच. भरतीची वेळ बघून जा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात नुसते गुलाबी ठिपके दिसतात आणि मंडळी तुला बोल लावतात. ऐरोलीहून खाडीत बोटी निघतात, त्याही भरतीच्याच हिशेबाने. राणीच्या बागेतलं महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतं. सपाट चालणं आणि बसायला बाकं, वाईट गुडघ्यांना याहून सोयीचं काही नाही. बुधवारी बाग बंद असते.

नाटकाला दुपारचा प्रयोग आणि कडेच्या खुर्च्या. पुढे काही सांगायला नको.

संक्रांतीचं जरा नीट ऐक. दर वर्षी कुणीतरी महिला सभासदांसाठी हळदीकुंकू लावू या म्हणतं, हेतू चांगलाच असतो. पण साठीच्या पुढच्या बायकांत विधवा किती असतात ते मोज. त्या येतात, मागच्या रांगेत बसतात, वाण हातात घेतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. मला ही प्रथा संघात अजिबात नको आहे, आणि हे मी कुंकू लावणारी म्हणून सांगते. तिळगूळ समारंभ म्हण, पुरुष-बायका सगळ्यांना एकाच ओळीत तिळगूळ, एकच वाण. घरी ज्यांना जे करायचं ते त्यांनी करावं. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे पुरे झाले. टॉर्च दे, नाहीतर काठीला लावायचं रबरी बूच. मधुमेहवाल्यांना तिळाची चटणी पुडीत बांधून दे, नाहीतर लाडू हळूच तोंडात टाकतातच.

फेब्रुवारीत ३ तारीख सोडू नकोस. १९२५ साली त्या दिवशी देशातली पहिली विजेवरची गाडी बोरीबंदरहून निघाली ती आपल्या कुर्ल्याला आली, हार्बरवरून. गावातल्या पोरांना हे माहीत नसतं. कारशेडमधून निवृत्त झालेली माणसं आपल्यात आहेत, स्वदेशी मिलची आहेत, प्रीमियरमध्ये फियाट जोडणारी आहेत, मुकंद कंपनीची आहेत. त्या दिवशी त्यांना बोलतं कर. पण ‘मनोगत व्यक्त करा’ असं म्हटलंस तर खोकतात, मान्यवरांचे आभार मानतात आणि बसतात. वस्तू आणायला सांग. गेटपास, पितळी बिल्ला, ओव्हरटाइमची चिठ्ठी, कामावर नेलेला तीन पुडांचा डबा. तू तुझं तिकिटाचं पंच घेऊन ये. वस्तू हातोहात फिरू दे. डब्याचं झाकण का चेपलंय असं कुणीतरी विचारतं आणि मग थांबवावं लागतं.

गिरणी संपाचा विषय निघणार, १८ जानेवारी १९८२ चा. डॉ. दत्ता सामंतांना देव मानणारे आणि त्यांच्यावर बोट ठेवणारे दोघंही त्याच चटईवर असतात. भांडू दे. विषय बदलून भक्तिगीत लावायचा मोह टाळ. त्यांच्या घरात आता हे ऐकणारं कुणी नाही. फक्त आवाज चढला की चहा आण आणि रक्तदाबवाल्याच्या शेजारी जाऊन बस.

पैशाचं थोडक्यात. सहलीचे पैसे आधी, पावती देऊन. जमा-खर्च फळ्यावर, चहाच्या साखरेसकट. निवडणूक जवळ आली की कुणी ना कुणी शाली, छत्र्या, कॅलेंडरं घेऊन येईल, बस फुकट देतो म्हणेल. नम्रपणे चहा पाज आणि बस नाकार. एकदा बस घेतली की सहलीत त्यांचा माणूस माईक घेऊन पुढच्या सीटवर बसतो. महापालिकेकडून बाक, दिवा, बागेतलं शौचालय मागायचं असेल ते मात्र मागायचंच, लेखी, पोच घेऊन. तो आपला हक्क आहे.

व्हॉट्सॲपवर दोन गट कर. एक सूचनांचा, त्यात फक्त तू आणि खजिनदार लिहिणार. दुसरा फुलं, सुविचार आणि लिंबूपाण्याने कॅन्सर बरा होतो यासाठी. पहिल्या गटात कुणी गुलाब टाकलाच तर रागावू नकोस, नुसता काढून टाक. आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची वेगळी यादी, त्यांना फोन करायचं काम एका माणसाचं ठरलेलं.

शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि ते नोटिशीवर येत नाही. लागोपाठ दोन बैठकांना जो आला नाही, त्याच्या घरी जा. ‘का आला नाहीत’ विचारू नकोस, काम घेऊन जा. उदाहरणार्थ, पुढच्या बैठकीचं इतिवृत्त तुमच्या अक्षरात हवंय. माणसाला आजारपणाची चौकशी नको असते, निमित्त हवं असतं. एकट्या राहणाऱ्यांच्या घराची दुसरी किल्ली शेजारी आहे का ते बघ. पोलिसांचा १०९० आणि एल्डरलाइनचा १४५६७ मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. कधी घरातलाच कुणी त्रास देतोय असा संशय आला, तर बाहेर चर्चा न करता आधी त्या माणसाला एकटं गाठून विचार, आणि त्याने नको म्हटलं तरी पुढच्या आठवड्यात परत विचार.

होळीनंतर हजेरी आपोआप घटते, त्याला नाइलाज. तेव्हा हॉलची भाडेपावती, सहलीची बिलं, वर्गणीची पावतीपुस्तकं एकत्र करून ३१ मार्चच्या आत हिशेब बंद कर आणि हिशेबतपासनिसाकडे दे. तो एप्रिलमध्ये गावी जातो.